बंदा पैसा

अगोटाच्या गॅरेजातल्या फ्रीजरमध्ये
हरणाच्या मांडीशेजारी, वाटाण्याच्या पिशवीखाली
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात
पाण्यात बुडवून ठेवलेत अकरा दगड.
लालसर, चपटे, झिजल्या साबणाच्या वडीएवढे.

रात्री गोठवायचे.
सकाळी मोरीत वितळू द्यायचे.
पुन्हा गोठवायचे.
हातोडा नाही. फेलिक्स म्हणायचा,
हातोड्यानं दगड फुटतो, पाण्यानं उघडतो.

फेलिक्स उघड्या खाणीवर यंत्र चालवायचा,
इलिनॉयच्या सपाट जमिनीची साल सोलून
बाजूला टाकायचा.
कोळसा कंपनीचा. ढिगारे कुणाचेच नव्हते.
रविवारी चर्च सुटलं की तो त्या ढिगाऱ्यांवर,
इस्त्रीच्या पॅंटीतच, वाकलेला.
त्याच्या आजोबांना पगार मिळे पत्र्याच्या बिल्ल्यांत,
जे कंपनीच्याच दुकानात चालत.
तो म्हणे, आता कंपनीच्या कचऱ्यातून मी वसूल करतोय.

बहुतेक दगड कोरे निघत.
काहींत नेच्याचं पान, कोळंबीसारखं काहीतरी.
एकदाच निघाला एक तुकडा, अंगठ्याएवढा,
पायाचा.
शिकागोहून आलेल्या संग्रहालयाच्या बाईंनी
चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
हे जनावर दोन मीटरहून लांब असणार, म्हणाल्या.
अगोटानं टेप धरली फ्रिजपासून मागच्या दारापर्यंत
आणि बराच वेळ त्या फरशीवर पाय दिला नाही.
"आणि डोकं?"
"डोकं अजून कुणालाच मिळालेलं नाही."

पुढे मिळालं.
फ्रान्समधल्या एका खाणीतल्या दगडांत, पिल्लांचं.
तोवर फेलिक्स नव्हता,
फक्त त्याचा डबा होता, आणि डब्यात अकरा.

एवढे पाय असून ते कुठे पोचले नाहीत
असं म्हणावंसं वाटतं, पण ते खरं नाही.
पाण्यातून जमिनीवर आलेल्या पहिल्यांत ते होते,
फुलं नव्हती तेव्हा, पक्षी नव्हते तेव्हा,
पडल्या पानांचा हिशेब तेच ठेवत.
इथं तेव्हा हिवाळा नव्हता.
पृथ्वीच्या कमरेवर होतं इलिनॉय,
दलदलीत, उकडत.

त्यातला एक वाहून गेला. चिखलात रुतला. कुजायला लागला.
कुजताना त्याच्यातून जे सुटलं
त्यानं भोवतीच्या गाळातलं लोखंड जवळ बोलावलं,
कण कण, आणि गोटा झाला.
म्हणजे पेटी कुणी दिली नाही त्याला.
स्वतःच्या नासण्यातूनच
त्यानं ती मिळवली.

या फेब्रुवारीत, एका मंगळवारी,
मोरीत आवाज झाला. टक्.
अगोटानं नळ बंद केला.

आत वेटोळं.
पाठीवर काटे, एकेका कड्याला जोडी,
आणि मध्यभागी सुरक्षित घेतलेले
सगळे पाय.

माझ्या भाषेत याच्या नातवंडांना पैसा म्हणतात.
बोट लावलं की गुंडाळून घेतो,
जुन्या तांब्याच्या नाण्यागत पडून राहतो.
अगोटाला हे माहीत असायचं कारण नाही.
तिनं नुसतं नख फिरवलं काट्यांवरून.
"घाबरला होता," ती लिथुआनियनमध्ये म्हणाली,
जी भाषा त्या घरात
आता फक्त दगड ऐकतात.

एकतीस कोटी वर्षं बंदा होता.
आज मोडला.
दोन अर्धे झाले, एकात उंच, एकात खोल,
आणि दोन्हीत तो पुरता.

संग्रहालयाला फोन केला तिनं.
एक अर्धा देईन म्हणाली.
कुठला, ते सांगितलं नाही.
मग उरलेले दहा पाण्यात घातले
आणि फ्रीजरचं झाकण लागेना म्हणून
हरणाची मांडी
थोडी सरकवली.